अल्बम एडिटिंगसाठी नवा संगणक: मॅक मिनी घ्यावा की असेंबल पीसी?

मोहोर_घाटंजी
नमस्कार मंडळी. घाटंजीत (जि. यवतमाळ) आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबांनंतर आता मीच बघते. काम सांगते: लग्नाचे करिझ्मा (पुस्तकासारखे छापील) अल्बम, बारसं-वाढदिवस, शाळांचे ग्रुप फोटो आणि काउंटरवर रोजचे पासपोर्ट. व्हिडिओ मिक्सिंग बाहेर देतो, ते तसंच राहणार. कॅमेरे दोन, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, लग्न रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) शूट होतं.

सध्याचा पीसी चौथ्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, विंडोज १०. बारा-छत्तीसच्या (१२ बाय ३६ इंच) अल्बम शीटवर लेअर वाढले की सेव्हला लावून गिऱ्हाइकाशी बोलत बसावं लागतं. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ ला चालत नाही.

बजेट मॉनिटर धरून सव्वा लाख, तेही ताणून. भाचा पुण्यात ॲनिमेशन शिकतो, तो म्हणतो, मावशी, डोळे झाकून ॲपलचा मॅक मिनी घे. आमच्याकडे डिझाइन करणारा मुलगा म्हणतो, "ताई, मॅक आनला तं मले दुसरं काम पाहा लागन." एप्रिल-मेचे मुहूर्त सुरू व्हायच्या आत नवीन मशीनवर हात बसला पाहिजे. सांगा आता.

सरकी (हिंगणघाट)
ताई, मॅक कायले पायजे? नागपूरच्या बर्डीतून असेंबल करून आना. रायझेन ५ नाही तं आय-५ प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई (फास्ट एसएसडी), एक बरं ग्राफिक कार्ड. बिघडलं तं गावातला पोरगा उघडून पाहू शकते. मॅक बिघडला तं नागपूरले घेऊन जा अन् बसा वाट पाहत. विषय संपला.

संत्राबाग (वरूड)
विषय संपला म्हणायला इतका सोपा नाही, सरकीभाऊ.

मी एम४ चिपचा मॅक मिनी वापरतो, काम जवळपास ताईंसारखंच. मी घेतला तो स्पीडसाठी नाही, लाइटसाठी. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे हा मिनी रिकामा असताना सुमारे ४ वॉट आणि पूर्ण जोरात ६५ वॉटच्या आसपास घेतो. ग्राफिक कार्डवाला टॉवर कामाला लागला की २५०-३०० सहज ओढतो. बाजारात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस मुळात ३६० वॉटच्या आसपास देतो. त्यावर टॉवर आणि मॉनिटर टाकला की फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरताच वेळ मिळतो. मिनी आणि मॉनिटर मिळून घरच्या इन्व्हर्टरवर दुपारभर चालतात. लग्नाच्या सीझनमध्ये ही दुपार म्हणजे अल्बमच्या आठ-दहा शीट आहेत.

दुसरं, पंख्याचा आवाज जवळपास नाही आणि खोली तापत नाही. मे महिन्यात वरूडला बसून बघा, मग कळेल याची किंमत काय आहे.

चाळीसपार (चंद्रपूर)
मी रिपेअरिंगवाला. संत्राबागभाऊंचं विजेचं गणित बरोबर आहे. पण मॅकच्याच कागदावर लिहिलेलं असतं, वापराचं तापमान १० ते ३५ अंश. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर, पत्र्याखालच्या दुकानात त्याहून काय कमी? मिनी बंद पडत नाही, हे मान्य. तो स्वतःला हळू करून घेतो. टॉवरलाही तोच त्रास, फक्त टॉवरमध्ये पंखा वाढवता येतो, पेस्ट बदलता येते, कॅबिनेटचं दार उघडं ठेवता येतं.

एक गोष्ट सगळ्यांसाठी: कुलरचा झोत थेट मशीनवर मारू नका. थंड हवा म्हणून लोक कॅबिनेट कुलरसमोर ठेवतात आणि ओली हवा धूळ घेऊन आत जाते. ती बोर्डावर बसली की पावसाळ्यात गंज धरते. हिंगणघाट-वणी पट्ट्यात जिनिंगजवळ दुकान असेल तर पंख्याच्या जाळीवर कापसाचा थरच बसतो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, बाहेर अंगणात.

आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) ॲक्टिव्ह पीएफसी नावाचा भाग असतो, तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कधी कधी झटकन बंद पडतो. मग गिऱ्हाईक म्हणते पीसी खराब दिला. पीसी बरोबर असतो, इन्व्हर्टर जुना असतो. अर्थिंग तर तपासाच. अर्ध्या दुकानांत तिसरी पिन नुसती शोभेला असते.

उजेड_सावली (अमरावती)
मॅक-विंडोज नंतर. ताई, आधी हे सांगा: सध्याचा मॉनिटर कोणता? अल्बम छापून आल्यावर रंग स्क्रीनसारखा येतो का? अन् शीट लॅबला नेटवरून पाठवता की पेनड्राइव्हने?

मोहोर_घाटंजी
मॉनिटर जुना, पीसीसोबत आलेला, १९ इंची. तिरकं पाहिलं की रंग बदलतो. अल्बम नेहमी स्क्रीनपेक्षा काळपट येतो, म्हणून आम्ही अंदाजाने एक्स्पोजर वाढवून पाठवतो. हळदीच्या फोटोंत तर अंदाजही चुकतो. शीट पेनड्राइव्हने, एसटीच्या कंडक्टरच्या हाती :)

उजेड_सावली (अमरावती)
मग तुमचे सव्वा लाख कुठे जायला हवेत ते कळलं.

मी काही वर्षं अल्बमच्या लॅबमध्ये काढली आहेत. "तुमची लॅब डार्क छापते" हे रोज ऐकायचो. दहापैकी बहुतेक वेळा स्टुडिओतला मॉनिटर फुल ब्राइटनेसवर असायचा. छपाईसाठी स्क्रीनचा उजेड १०० कँडेलाच्या आसपास ठेवायचा असतो. दुकानात ट्यूबलाइट, दारातून ऊन, त्यात दिसावं म्हणून ब्राइटनेस शंभर टक्के. अशा स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, तुम्ही त्याला तसाच सोडता, कागद मात्र स्वतः उजळत नाही. अंदाजाने एक्स्पोजर वाढवलं तर सगळ्या शीटचं वाढतं, आणि ज्या फोटोत नवरीचा शालू आधीच तापलेला आहे त्यात लाल चॅनल फुटून नुसता लाल डाग उरतो. हळदीचं तेच. पिवळा इतका गडद की एसआरजीबीच्या (साध्या स्क्रीनच्या आणि लॅबच्या रंगांच्या हद्दीच्या) काठावर बसतो, वर मंडपातले निळे-जांभळे एलईडी तर त्याच्याही पार. ती त्वचा ज्याला दिसतच नाही तो सुधारणार काय?

आता लोक म्हणतात, मॅकवर रंग चांगले दिसतात. यात थोडं खरं आहे, बरंच ऐकीव. खरं एवढंच की मॅकची पूर्ण प्रणाली रंगाचं प्रोफाइल (कोणता रंग नेमका कसा दाखवायचा ती नोंद) पाळते, विंडोजवर ते ज्या त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून. म्हणजे वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) मॉनिटर घेतला तर विंडोजवर तोच फोटो फोटोशॉपमध्ये एक आणि साध्या व्ह्यूअरमध्ये भडक, असा दिसू शकतो. पण फोटोशॉप आणि लाइटरूम दोन्हीकडे प्रोफाइल पाळतात. तुम्ही रंग तिथेच ठरवणार ना? जुन्या लोकांच्या मनात मॅकचा वेगळा रंग बसला आहे तो १.८ गॅमाच्या (स्क्रीनच्या उजेड-अंधाराच्या जुन्या मापाच्या) काळातला. २००९ पासून मॅकही २.२ वरच आहे.

म्हणून: २७ इंची आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग न बदलणारा), १०० टक्के एसआरजीबी दाखवणारा मॉनिटर आधी. वाइड गॅमटच्या नादी लागू नका, लॅब एसआरजीबीच मागते. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा रंग मोजून जुळवणारं यंत्र) एकट्याने विकत घ्यायची गरज नाही, यवतमाळच्या कोणा स्टुडिओसोबत अर्धा-अर्धा घ्या, महिन्याकाठी एकदा लागतो. उरलेल्या पैशात जे येईल ते मशीन. मला विचाराल तर प्लॅटफॉर्म हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे.

सरकी (हिंगणघाट)
अन् दुसऱ्या नंबरचा कोणता?

उजेड_सावली (अमरावती)
फॉन्ट.

पैनगंगा (उमरखेड)
उजेडभाऊंनी नेमकं बोट ठेवलं. मी अल्बम डिझायनर, तीन-चार स्टुडिओंचं काम घरून करतो. ताई, तुमच्या पोराची भीती आळशीपणाची नाही हो.

आपल्याकडच्या जुन्या पीएसडी (फोटोशॉपच्या तयार डिझाइन फाइल) डीव्हीड्या, "शुभविवाह", "चि. सौ. कां.", "हळदी समारंभ" असे तयार टायटल, हे सगळं श्रीलिपी नाहीतर कृतिदेव फॉन्टमध्ये. हे युनिकोड नाहीत. त्यांत क, ख ही अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर टेक्स्ट लेअर उघडला की नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कृतिदेव ही साधी टीटीएफ फाइल आहे, ती मॅकवरही चढते. पण आमच्याकडे डोंगलवालं (यूएसबीत किल्ली लावली तरच चालणारं) जुनं श्रीलिपी आहे, ते विंडोजचं. टायपिंगचा हात त्याच कीबोर्डवर बसलेला. तुमच्याकडे तेच असेल तर मॅक घेतल्या दिवसापासून नावं टाइप करायला जुना पीसी चालू ठेवावा लागेल.

यातून सुटका युनिकोड, आणि ती कधीतरी करायचीच आहे. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील (श्री, क्ष, र्‍या वगैरे), तर फोटोशॉपच्या जुन्या सीसी आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली "मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन" निवडून फोटोशॉप पुन्हा चालू करावं लागायचं. नव्या आवृत्त्यांत हे बरंच सुरळीत आहे. मुक्त, बालू, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट आहेत आणि दोन्हीकडे सारखे चालतात. सीझन सुरू असताना हे बदलायला जाऊ नका फक्त.

फोटोशॉपच्या ॲक्शन फाइल (एका क्लिकमध्ये ठरलेली कामं करणाऱ्या) दोन्हीकडे चालतात. प्लगइन मात्र नाही: विंडोजची ८बीएफ फाइल मॅकला कळत नाही, मॅकसाठीचं वेगळं असतं. त्वचा गुळगुळीत करायचं जे जुनं प्लगइन सगळे वापरतात ते विंडोजचं आहे का, पाहा.

गुरुजी_मूल
मी शाळेत शिकवतो, फोटोग्राफी छंद. ताडोब्याच्या बफरमध्ये पक्षी टिपतो. लिनक्सचं कोणी नाव काढत नाही म्हणून लिहितो. माझा जुना लॅपटॉपही विंडोज ११ ला नापास झाला होता, त्यावर लिनक्स मिंट टाकलं. रॉसाठी डार्कटेबल, बाकीसाठी गिंप, दोन्ही फुकटची सॉफ्टवेअर. गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, आता त्यात फिल्टर लावून नंतर बदलताही येतात. देवनागरी तर गिंपमध्ये आधीपासून सरळ जुळते, कुठली सेटिंग लागत नाही. खर्च शून्य.

पैनगंगा (उमरखेड)
गुरुजी, पक्ष्यांसाठी उत्तमच. पण बाजारातली पीएसडी गिंपमध्ये उघडली की स्मार्ट ऑब्जेक्ट अन् लेअर स्टाइल जशाच्या तशा येत नाहीत. माझं पोट त्यावर आहे.

गुरुजी_मूल
मान्य. धंद्याचा मुख्य पीसी लिनक्सवर न्या असं मी म्हणत नाही. जुना फेकू नका एवढंच. काउंटरवर पासपोर्टला तो अजून चार वर्षं चालेल.

मोहोर_घाटंजी
फॉन्टचं डोक्यातच नव्हतं. डिझाइन करणाऱ्या मुलाला विचारलं, डोंगल आहे आणि तो जपून ठेवलाय म्हणे, लाल दोऱ्यात बांधून.

दोन गोष्टी आणखी विचारते. एम४ मिनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल २०२४ मध्ये ५९,९०० ला आलं होतं, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजचं. ते पुरेल का? आणि नागपूरला एक जण जुना २७ इंची आयमॅक इंटेलवाला देतो म्हणतो, स्क्रीन खरंच सुंदर आहे.

संत्राबाग (वरूड)
आयमॅक नको! स्क्रीन सुंदर असते, खरं आहे, पण ॲपलने सांगून टाकलंय की मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती. नंतर नवीन फोटोशॉप हळूहळू त्यावर चढायचं थांबेल. आणि ती स्क्रीन नुसती मॉनिटर म्हणून दुसऱ्या मशीनला सरळ लावता येत नाही.

२५६ जीबीचं गणित करा. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५-३० एमबी. एका लग्नात ३,००० फ्रेम म्हटल्या तरी ७५ ते ९० जीबी. सिस्टीम आणि ॲडोबी धरून दोन लग्नांत भरलं. ॲपलकडून ५१२ घ्या तर बरेच पैसे जास्त, त्यापेक्षा बाहेरची १ टीबी एसएसडी लावा आणि चालू काम तिच्यावर ठेवा. मी तेच करतो. रॅम मात्र नंतर वाढत नाही, ती चिपसोबतच असते आणि ग्राफिक्सही त्यातूनच खातं. १६ मध्ये माझं भागतं, पण शीट, लाइटरूम आणि ब्राउझर एकदम उघडं असलं की अडखळतो. माझ्याकडूनच हे ऐका.

अजून एक. गिऱ्हाईक, व्हिडिओवाला, डिझायनर सगळ्यांच्या हार्डडिस्क एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या). मॅक त्या वाचतो, त्यावर लिहीत नाही. देवाणघेवाणीची डिस्क एक्सफॅट (दोन्हीकडे चालणारा फॉरमॅट) करून ठेवावी लागते.

चाळीसपार (चंद्रपूर)
मॅकवाल्याने स्वतः सांगितलं म्हणून पटलं :)

रॅमचं गणित मी देतो. बारा-छत्तीसची शीट ३०० डीपीआयला म्हणजे ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, ३ कोटी ८८ लाख पिक्सेल. आठ बिटमध्ये एकच पूर्ण लेअर सुमारे ११७ एमबी. वीस लेअर झाले, वर हिस्ट्री, की १६ जीबीचा पीसी एसएसडीवर उसनवारी करायला लागतो, आणि तुमच्या जुन्या पीसीत एसएसडी नसेल तर हार्डडिस्कवर. ३२ घ्याच. सध्या रॅमचे भाव चढलेत, तरी इथे काटकसर नको. ग्राफिक कार्डात करा. अल्बमला महागडं कार्ड लागत नाही, ते लाइटरूमच्या एआय डिनॉइझला (फोटोतले दाणे साफ करायला) लागतं. अंधाऱ्या मंडपातले आयएसओ ६४०० चे फोटो रोज साफ करायचे असतील तरच ८ जीबीचं कार्ड.

आणि नवीन मशीन येईपर्यंत हे करून पाहा: फोटोशॉप, प्रेफरन्सेस, फाइल हँडलिंग, त्यात पीएसडीचं कम्प्रेशन बंद करायची खूण आहे. फाइल मोठी होते, सेव्ह मात्र झपाट्यानं होतं. सेव्हला लागणारा बराच वेळ त्या दाबण्यातच जातो.

सरकी (हिंगणघाट)
फोटोशॉप कोनतं हाय पन? सीडीवालं का... तेच ते?

मोहोर_घाटंजी
जुना पीसी घेतला तेव्हा दुकानदाराने "सगळं टाकून" दिला होता. समजून घ्या.

चाळीसपार (चंद्रपूर)
समजलो. नव्या मशीनवर ते नका टाकू. नीतीचं तुम्ही पाहा, मी रिपेअरिंगच्या बाजूनं सांगतो: अँटिव्हायरस बंद करून टाकलेल्या क्रॅकमधून जे आत येतं त्यानं एखाद्या दिवशी लग्नाचे सगळे फोल्डर कुलूपबंद केले की मी काहीही करू शकत नाही. तसे डबे माझ्या टेबलावर येतात आणि तसेच परत जातात. नवरीच्या बापाला काय सांगणार?

पैनगंगा (उमरखेड)
सबस्क्रिप्शन महिन्याला दुखतं, पण एका अल्बमच्या पैशात बरेच महिने निघतात. फोटोशॉप एकरकमी विकत मिळायचं ते सीएस६ पर्यंत, २०१२ ची गोष्ट. आता महिना नाहीतर वर्ष. नेट रोज लागत नाही, लॉगिनपुरतं अधूनमधून लागतं. एकच सबस्क्रिप्शन विंडोज-मॅक दोन्हीवर चालतं, म्हणजे उद्या बदललात तरी ते पैसे बुडत नाहीत.

फोटोशॉपसारखंच अ‍ॅफिनिटी फुकट झालंय २०२५ च्या अखेरीस, दोन्हीकडे चालतं. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं जुळत नव्हती. नाव टाइप करून पाहा, मगच विश्वास ठेवा.

उजेड_सावली (अमरावती)
आणि व्हिडिओ कधी घरात आणायचा विचार असेल तर आत्ताच मनात धरा. आपल्याकडचे बहुतेक मिक्सिंगवाले एडियस या सॉफ्टवेअरवर आहेत, ते फक्त विंडोजवर चालतं. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती दोन्हीकडे आहे, पण माणूस मिळायला हवा ना तो येणारा.

संत्राबाग (वरूड)
माझं मत बदललेलं नाही. एकटा माणूस, स्वतः डिझाइन करणारा, युनिकोडमध्ये काम, लाइटचा त्रास, तर मिनीच. ताईंकडे डोंगल आहे, पोरगा आहे, दोन माणसांचे हात आहेत. तिथं मी हट्ट धरणार नाही.

मोहोर_घाटंजी
सगळ्यांचे आभार. काल मुलाला आणि भाच्याला फोनवर एकत्र बसवलं. भाचा अजून रुसलेला आहे.

ठरलं ते असं. असेंबल पीसी, ३२ जीबी, १ टीबी एनव्हीएमई, ग्राफिक कार्ड सध्या नाही, प्रोसेसरमधल्यावर भागवायचं, पण एसएमपीएस पुढे कार्ड लावता येईल असा. २७ इंची आयपीएस मॉनिटर. साइन वेव्ह यूपीएस १ केव्हीएचा. फोटोशॉप-लाइटरूमचं वर्षाचं सबस्क्रिप्शन. कॅलिब्रेटरसाठी यवतमाळच्या एका ओळखीच्या स्टुडिओला विचारलं, ते तयार आहेत. जुना पीसी नेट काढून काउंटरवर, पासपोर्ट आणि डोंगल त्याच्यावर. कम्प्रेशन आजच बंद केलं, फरक पडला.

एक शंका: जुन्याला नेट नाही, पण गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह तर तिथेच लागणार?

चाळीसपार (चंद्रपूर)
लागणारच. ऑटोप्ले बंद ठेवा. पासपोर्टचे फोटो तुमच्याच कॅमेऱ्याच्या कार्डवरून घ्या, गिऱ्हाइकाच्या फोनमधले हवे असतील तर दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. तिथून नव्या पीसीत जाणारी डिस्क एकच ठेवा आणि तिच्यावर स्टिकर लावा, नाहीतर घाईत कोणतीही जाते. कॅबिनेट टेबलावर ठेवा, जमिनीवर नको, झाडू मारला की सगळी धूळ तिथेच जाते.

सरकी (हिंगणघाट)
मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, असेंबल घ्या. कोनी आयकते का?

उजेड_सावली (अमरावती)
मॉनिटर आला की ब्राइटनेस आधी कमी करा. मग मागच्या अल्बमची एक शीट स्क्रीनच्या बाजूला धरून दोन्हीचा फोटो इथे टाका, मी सांगतो रंग जुळला की नाही.

मोहोर_घाटंजी
भाऊ, तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनवर?

उजेड_सावली (अमरावती)
बरं. शीट कंडक्टरच्या हाती पाठवा.